रसाचा वास वेष्टन खातें

आमच्या बागाइतदार बंधूंपैकीं कित्येकांनीं संत्रीं नुसतीं न विकतां रस काढून विकण्याचें मनावर घेतलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वेष्टनाची निवड होते ती केवळ दर व छपाई पाहून. हें आम्हांस मान्य नाहीं.

संत्र्याच्या सालींतील तेलांत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या सुवासिक द्रव्याचा असतो. गाळतांना तें थोडेंबहुत रसांत उतरतें. कागदी पेटीच्या आंतून पॉलिथिनचें अस्तर असतें. तें नसेल तर कागद भिजून जाईल. पण पॉलिथिन जातीनें मेणासारखें, आणि लिमोनीन तेलकट; पाण्यापेक्षां त्यास हें अस्तरच अधिक मानवतें. कांहीं दिवसांतच त्याचा बराच भाग अस्तरांत मुरतो. अस्तर जाड असेल तर अधिक मुरतो, आणि उन्हाळ्यांत लवकर मुरतो. मागें ॲल्युमिनियमचा पत्रा असला तरी तो वास बाहेर जाऊं देत नाहीं इतकेंच. अस्तर आपला वाटा घेतेंच. पीईटीच्या बाटलीचें द्रव्य नेहमींच्या हवेंत कांचेप्रमाणें ताठ असल्यामुळें शोषण पुष्कळ कमी करितें.

लिमोनीन घटल्यानें चव बिघडतेच असें मात्र नाहीं. तें रसांत फार दिवस राहिल्यास त्यापासून टर्पिनिऑल होऊन शिळा वास येतो. तेव्हां वेष्टन विकणारा ‘कांहीं फरक पडत नाहीं’ म्हणतो, तें अगदींच खोटें नव्हे. पण सालीचा दरवळ हेंच ज्या मालाचें भांडवल, त्याच्या धन्यास तें पुरेसें नाहीं.

शिवाय शोषलेला वास पुढें सुटतोही. आमच्या घरीं लोणच्याच्या धुतलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत एकदां लिंबाचें सरबत भरलें. पाहुण्यांनीं पहिल्याच घोटास ‘लोणचें कोठलें?’ अशी पृच्छा केली. कीटकनाशकांच्या डब्यांत हा प्रकार हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते धुऊनही अन्नपाण्यास वापरूं नयेत. भोंकें पाडून निकामी करावे.

सभासदांस आमची सूचना अशी कीं, हजारों पेट्या मागविण्यापूर्वीं एकाच घाण्याचा रस कांचेच्या बाटलींत व योजिलेल्या पेटींत भरून, जितके दिवस माल दुकानांत राहणार तितके दिवस उन्हाळ्याच्या खोलींत ठेवावा, आणि कोणता कशांतला हें न सांगतां घरच्या मंडळींस चाखावयास द्यावा.