संशोधनाच्या पहिल्या पायरीचे मोल

मानसशास्त्राची पदवी म्हणजे केवळ समुपदेशन, असा समज आपल्या पालकवर्गात अजून आहे. या विषयाला संशोधनाची मोठी बाजू आहे आणि तिची ओळख पदवीच्या वर्षांतच व्हावयास हवी. अमेरिकेतील विद्यापीठांत ही प्रथा रुळलेली आहे. तेथील व्यक्तिमत्त्व-मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत पदवीचे विद्यार्थी संशोधन-साहाय्यक म्हणून काम करतात.

प्रश्नावल्या भरून घेणे, उत्तरांची संगणकावर नोंद करणे, मुलाखती शब्दशः उतरवून काढणे, हे काम दिसावयास साधे आहे. परंतु शास्त्राची विश्वासार्हता त्यावरच उभी असते. ‘मी लोकांत सहज मिसळतो’ या विधानाच्या जोडीला ‘मी चारचौघांत गप्प असतो’ असे उलट अर्थाचे विधान मुद्दाम घातलेले असते. त्याचे गुण उलटे करून घ्यावयाचे राहिले, तर निष्कर्षच बिघडतो. एकच मुलाखत दोन साहाय्यक स्वतंत्रपणे तपासतात आणि त्यांचे गुण किती जुळतात, हे नंतर पाहिले जाते. स्वतःचे मतही पडताळून घ्यावे लागते, हा संस्कार येथे होतो. त्याची गरज किती, हे २०१५ साली दिसले. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले असता, सुमारे ३६ टक्के अभ्यासांतच पहिल्यासारखा ठोस निष्कर्ष मिळाला.

मात्र या प्रथेत एक अन्याय दडलेला आहे. अनेक प्रयोगशाळांत हे काम विनावेतन किंवा केवळ श्रेयांकांच्या मोबदल्यात होते. पुढे पीएच.डी.च्या प्रवेशासाठी हाच अनुभव आणि त्यातून मिळणारे शिफारसपत्र मोलाचे ठरते. ज्याला शिकताना पोटासाठी नोकरी करावी लागते, तो या पहिल्याच पायरीवर अडतो.

यात हानी केवळ त्या विद्यार्थ्याची नाही, शास्त्राचीही आहे. व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख घटक सर्व मानवांना लागू आहेत, असे मानले जात होते. बोलिव्हियातील शिकार व शेतीवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात ही पाच घटकांची मांडणी नीट आढळली नाही. प्रश्नावलीतील एखादे विधान आपल्या वस्तीत कसे समजले जाईल, हे त्या वस्तीतून आलेला विद्यार्थी सर्वांत आधी ओळखतो. तोच प्रयोगशाळेबाहेर राहिला, तर ही शंका विचारणार कोण?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले आहे. तेव्हा बाहेरची प्रथा उचलताना तिच्यातील विषमता उचलू नये. जे माजी विद्यार्थी आज प्राध्यापक आहेत, त्यांनी साहाय्यकाच्या श्रमाला मानधन मिळावे असा आग्रह धरावा. इतरांनी घरातल्या पहिल्याच पदवीधराला एका वर्षाचे विद्यावेतन देण्याचा विचार करावा. आपल्या घरांतील मुलांनी आजवर इतरांच्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. आता प्रश्न तयार करणाऱ्यांतही ती असावीत.