दहा हात, म्यूटवर

नवरात्र आलं की इनबॉक्समध्ये ती येतेच. काठपदराची साडी, ठसठशीत कुंकू आणि दहा हात. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात लाटणं, तिसऱ्यात बाळाची बाटली, चौथ्यात मोबाइल, उरलेल्या हातांत भाजीची पिशवी वगैरे. खाली मेसेज : 'आमच्या प्रत्येक दुर्गेला सलाम!' मग नऊ दिवस नऊ रंग, पँट्रीपाशी ग्रुप फोटो. डेडलाइन मात्र जिथल्या तिथे.

माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात हे पोस्टर लागलं, त्याच वर्षी तिच्या अप्रेझलमध्ये शेरा आला, 'अ‍ॅग्रेसिव्ह'. तिने केलेलं काम मीटिंगमध्ये दुसऱ्याच्या नावावर दाखवलं गेलं आणि तिने आवाज चढवला, एवढाच काय तो गुन्हा. "देवी चालते गं यांना, पण म्यूटवर," असं ती म्हणाली. हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हटलं, म्यूटवर नसलेली देवी कुठे बघायला मिळेल? ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटिअरमध्ये अंबरनाथच्या शिवमंदिराचं वर्णन आहे आणि तिथल्या मूर्तींमध्ये कालीचा उल्लेख आहे. चला, पकडा बदलापूर लोकल!

उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधल्या या गावात, वालधुनी नदीच्या काठावर हे काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. शिलालेखातलं साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं. हेमाडपंती, हेमाडपंती असं आपण सर्रास म्हणतो, पण हेमाद्री पंडित झाला तेराव्या शतकात. ही शैली भूमिज. गाभारा मंडपापेक्षा चांगला वीसेक पायऱ्या खाली आहे आणि वर आकाश उघडं. गर्भगृह या शब्दातला 'गर्भ' मला इथे पहिल्यांदा नीट ऐकू आला. मुक्काम शंकराचा, पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर उतरायचं गर्भातच.

खरी गंमत मात्र बाहेरच्या भिंतींवर आहे. पावसाने झिजलेल्या सुरसुंदरी, तीन मुखांच्या देवाच्या मांडीवर बसलेली स्त्री (बहुधा शिव-पार्वती), आणि त्याच भिंतींवर काली. म्हणजे सुंदर, संसारी आणि भयंकर अशा तिन्ही जणी एकाच देवळावर. कुणी म्हटलं नाही की बाई, तू जरा मागे थांब, फॅमिली क्राउड येतं इथे!

आता हिची गोष्ट. दुर्गा सप्तशतीत चंड आणि मुंड हे दैत्य अंबिकेला पकडायला येतात. ती इतकी संतापते की तिचा चेहरा काळाठिक्कर पडतो आणि कपाळातून काली बाहेर येते. सुकलेलं अंग, गळ्यात मुंडमाळ, हातात तलवार. म्हणजे काली कोण? तर देवीचा राग. तिला कुणी 'कूल डाऊन' म्हणत नाही. उलट चंड-मुंडांना मारल्यावर तिला नवं नाव मिळतं, चामुंडा. याला म्हणतात अप्रेझल!

आणि ते दहा हात? सप्तशतीत महिषासुराला मारणारी देवी देवांच्या एकत्र झालेल्या तेजातून तयार होते. तोंड शंकराच्या तेजाचं, केस यमाच्या, बाहू विष्णूच्या. मग प्रत्येक जण आपापलं काहीतरी तिच्या हवाली करतो. शंकर त्रिशूळ, विष्णू चक्र, इंद्र वज्र, विश्वकर्मा परशू आणि न फुटणारं चिलखत, हिमालय बसायला सिंह. वणीच्या सप्तशृंगीला तर अठरा हात, आणि त्यांत ही अशी आयुधं. अख्ख्या यादीत लाटणं कुठेच नाही. कुणाही देवाने 'जाता जाता एवढं माझंही काम बघ' असं म्हणून एखादी फाइल तिच्या हातात दिलेली नाही. जे त्यांना जमलं नाही ते तिने करायचं होतं, म्हणून त्यांनी आपले अधिकार आणि हत्यारं काढून दिली. पोस्टरवाल्याने हात तेवढे ठेवले आणि हातातलं सगळं बदलून टाकलं. टीम लीड करायला सांगता ना, मग बजेट द्या, माणसं द्या, नकार द्यायचा हक्क द्या. ती झाली आयुधं.

मानसशास्त्रवाले हा फंडा वेगळ्या शब्दांत सांगतात. युंगच्या मते पुरुषाच्या मनात स्त्रीची एक प्रतिमा दडलेली असते. तिला तो 'अ‍ॅनिमा' म्हणतो. ती प्रतिमा समोरच्या बाईवर चिकटवली की खरी बाई दिसेनाशी होते. ती नेहमीसारखी दमली, चिडली, चुकली की 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती!' त्याचा शिष्य एरिक नॉयमान याने 'द ग्रेट मदर' या १९५५ सालच्या पुस्तकात मातृदेवतेची दोन रूपं मांडली, जोपासणारं आणि गिळणारं. दोन्ही एकाच प्रतिमेची. आपल्याला यातलं पहिलंच हवं असतं, तेही गरम पोळीसकट. (हे फक्त पुरुषांना लागू नाही हं. सासूबाई आणि लेडी बॉस यांचीही हजेरी घ्या.)

अजून एक तपशील, जो मला अजून कुठल्याच पोस्टरवर दिसलेला नाही. त्या देणग्यांच्या यादीत कुबेराचंही नाव आहे. त्याने दिला मद्याने भरलेला प्याला. महिषासुर समोर गर्जना करत असताना देवी तो पिते, डोळे लाल होतात, ती हसते आणि म्हणते, मी पितेय तोवर ओरडून घे. मग त्याच्यावर पाय देते.

अंबरनाथला जायचं तर पूर्वेला उतरा आणि रिक्षा करा. महाशिवरात्रीला जत्रेची तुफान गर्दी असते. इतर दिवशी सकाळी गेलात तर काली निवांत शोधता येईल.