१५ वर्षं ड्रॉइंग काढलेल्या ड्राफ्ट्समनने आता डिग्री करावी का?

चाकण-भोसरी पट्ट्यात हे नेहमीचंच. १५ वर्षं डाय आणि फिक्स्चरची ड्रॉइंग काढणारा डिप्लोमावाला ड्राफ्ट्समन नव्या बीई पोरांना टॉलरन्स कसा द्यायचा ते शिकवतो. काही वर्षांत त्यातलाच एक त्याचा साहेब होतो! मग चाळिशीच्या तोंडावर डिग्री करायची का?

काम हेच करायचं असेल, तर डिग्रीने हात सुधारणार नाही. त्यापेक्षा कॅटिया किंवा सॉलिडवर्क्स पक्कं करा. पण ‘डिझाइन इंजिनीअर’ हा हुद्दा हवा असेल, तर अनेक ठिकाणी पहिली चाळणीच पदवीची असते. तुमचं ड्रॉइंग कुणी उघडूनही बघत नाही. चीड येते, पण आहे हे असं आहे.

डिप्लोमा असेल तर बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे ३ वर्षं. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांना सोयीच्या वेळेत वर्ग घ्यायची मुभा कॉलेजांना दिली आहे. फक्त आयटीआय असेल, तर आधी डिप्लोमा करावा लागेल.

सांभाळा ते ‘घरबसल्या बीटेक’च्या जाहिरातींपासून. एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय दूरशिक्षणातून इंजिनीअरिंगच्या पदव्या वाटणाऱ्या चार अभिमत विद्यापीठांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द केल्या. त्या पदवीवर मिळालेली बढतीही गेली.

त्यामुळे फी भरण्याआधी एचआरला एक मेल टाका: पदवी आणली तर माझा हुद्दा आणि ग्रेड बदलेल का? उत्तर लेखी घ्या.