जबलपूरचे पदक आणि ‘जिद्दी’चा उदोउदो

३१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिस हिने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात २११.१ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. पॅरालिम्पिकमध्ये पिस्तुलाचे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. लागलीच सत्ताधाऱ्यांत अभिनंदनाची अहमहमिका सुरू झाली आणि भांडवली वृत्तपत्रांनी एकच शब्द उचलून धरला : जिद्द! मोटार मेकॅनिकची मुलगी, पायांनी जन्मतः अधू, तरीही जिंकली!

या ‘तरीही’तच सारी लबाडी आहे. जिद्द असेल तर गरिबाला काही कमी पडत नाही, असे एकदा ठरले की सरकारची जबाबदारीच संपते. पण नेमबाजी हा खेळ जिद्दीवर चालत नाही. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटर व्यासाचे. पात्रता फेरीत असे ६० नेम साधायचे. त्यासाठी रोज शेकडो छरे झाडावे लागतात. स्पर्धेच्या दर्जाचे पिस्तूल मुख्यतः जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडहून येते. मेकॅनिकच्या मिळकतीत ते बसेल काय? रुबिनाने गगन नारंग यांच्या संस्थेच्या जबलपूरमधील अकादमीत प्रथम पिस्तूल हाती घेतले. २०१७ साली ती मध्य प्रदेश शासनाच्या भोपाळ येथील अकादमीत दाखल झाली. तिचे श्रम तिचेच. त्यांना वाव मिळाला तो जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत. नेमका हा तपशील गौरवगीतांतून गळतो.

आणि हे शहर कोणते? १९०४ पासून तोफगाडे घडवणारी गन कॅरेज फॅक्टरी, १९४२ पासूनचा खमरियाचा दारूगोळा कारखाना येथलाच. देशाची शस्त्रे येथील कामगारांनी घडवली. त्याच कारखान्यांची १ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपन्यांत वाटणी झाली. तत्पूर्वी कामगारांचा संपाचा हक्क हिरावणारा कायदाही संसदेत रेटला गेला. परंतु याच शहरातील गोरखपूर वस्तीतल्या एखाद्या अपंग मुलाला राज्याची नेमबाजी अकादमी गाठायची, तर आजही सुमारे तीनशे किलोमीटरवरचे भोपाळ गाठावे लागते. सोबत कोण जाणार, त्याची रोजी कोण भरून देणार?

महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. कोल्हापूरचा पोलिओग्रस्त रायफलपटू स्वरूप उन्हाळकर टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये २०२१ साली २०३.९ गुणांसह चौथा आला. पदक एका पायरीने हुकले, तेव्हा त्याचे नाव किती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले?

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ हे गोंडस नाव दिले. नावाने जिन्याचा उतार होत नाही, की चाकाच्या खुर्चीला बसमध्ये जागा मिळत नाही. उलट २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम ३० स्पष्ट सांगते : अपंगांना क्रीडेत भाग घेता यावा म्हणून व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. त्या कलमानुसार आपल्या जिल्ह्यात किती क्रीडासंकुलांत अपंगांना शिरता येते, किती ठिकाणी साधने व प्रशिक्षक आहेत, याचा लेखी हिशेब प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडे मागितला पाहिजे. आणि पहिला अर्ज जबलपूरमधूनच जावा.