गायरानावर सौर पॅनल. पोरांनी पळायचे कुठे?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे राज्यातल्या खेड्यांमध्ये एक नवा वाद उभा राहिला आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राच्या जवळपासची मोकळी सरकारी जमीन हवी असते. खेड्यात अशी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. काही गावांनी जागा दिली, काही ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. वाद महसूल आणि ऊर्जा या दोन खात्यांचा मानला जातो. आरोग्याचा विषय त्यात कोणी काढत नाही. खरे तर या वादाच्या दोन्ही बाजूंना आरोग्यच आहे. जिंतूरसारख्या तालुक्यात, जिथे उत्तरेला डोंगराळ मुरमाड माळ आणि खाली काळी जमीन आहे, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक गावात येणार आहे. म्हणून तो शांतपणे समजून घेतला पाहिजे.

आधी विजेची बाजू

शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शेतकरी अंधारात निघतो. हातात बॅटरी, पायात बहुधा चप्पल. त्याच वेळी साप बाहेर पडलेले असतात. आपल्या भागातले चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतला मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून रुग्ण येतो, तेव्हा त्याच्या पापण्या मिटत चाललेल्या असतात. श्वासाचे स्नायू थकण्याआधी प्रतिसर्पविष आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर मिळाला तर तो वाचतो. उशीर झाला तर वाचत नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य खेड्यातली, कामाच्या वयातली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. प्रतिसर्पविष गावोगाव पोहोचवणे हा त्याचा एक भाग आहे. पण शेतकऱ्याला रात्री रानात जावेच लागले नाही, तर ते औषध टोचायची वेळच कमी येईल. रात्रीच्या पाळीत सापाखेरीज विजेचा धक्का असतो, विहिरीत तोल जाणे असते, डिसेंबर-जानेवारीची थंडी असते. दम्याच्या आणि हृदयरोगाच्या रुग्णाला ती थंडी फार महागात पडते. झोपमोड वेगळीच.

म्हणून दिवसाची वीज ही माझ्या दृष्टीने आरोग्य योजनाच आहे. सौर वाहिनीचा शेतीला फायदा तोच आहे. सूर्य वर असताना पॅनल वीज करतात, ती जवळच्या उपकेंद्रातून थेट शेतीच्या वाहिनीला जाते. मार्च २०२४ मध्ये राज्याने ९,२०० मेगावॉटच्या प्रकल्पांची स्वीकारपत्रे दिली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते १९ मेगावॉटच्या पहिल्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प त्यांतलाच.

आता जमिनीची बाजू

एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. म्हणजे ९,२०० मेगावॉटला ३७ ते ४६ हजार एकर. सगळी जमीन गायरान नसेल. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. पण सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते, तिला वारस नसतात, सह्या कमी लागतात. त्यामुळे नजर आधी तिथेच जाते.

गायरान म्हणजे पडीक जमीन, हा समज शहरातला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गुरचरण, वैरण, स्मशान, खळवाड अशा गावाच्या सामाईक कामांसाठी जमीन राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्याच्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले, तेही याच कारणाने. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याची शेळी गायरानातच चरते. शेळी ही गरिबाची गाय आहे. तिचे दूध, तिचे मांस आणि अडीअडचणीला तिची विक्री यांवर भूमिहीन घराचे पोषण आणि दवाखान्याचा खर्च चालतो. गायरान बंद झाले की हे पोषण कमी होते, पण त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

मराठवाड्यात गायरानाला आणखी एक इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून दलित कुटुंबे गायरान कसत आली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. तरीही अनेकांच्या नावावर सातबारा आलेला नाही. अशा जमिनीवर प्रकल्प आला तर कागदावर ती मोकळी असते, प्रत्यक्षात तिथे एखाद्या घराची ज्वारी उभी असते.

ज्या वापराची नोंद नाही

गायरानाचा तिसरा उपयोग मला डॉक्टर म्हणून सर्वांत जास्त दिसतो. गावातली पोरे तिथे क्रिकेट, कबड्डी, खो-खो खेळतात. पोलीस भरतीची आणि अग्निवीरची तयारी करणारी मुले-मुली पहाटे तिथे पळतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. खेड्यात त्यासाठी सिंथेटिक ट्रॅक नसतो, जिमचे पैसे नसतात. गायरान नसेल तर उरतो डांबरी रस्ता आणि त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे हायवा. मधुमेहाचा रुग्ण, ज्याला आम्ही चिठ्ठीवर ‘रोज अर्धा तास चालणे’ लिहून देतो, तोही तिथेच चालतो.

लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे किंवा त्याच्या बरोबरीचे काम. मुलांसाठी रोज ६० मिनिटे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ च्या अंदाजाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्याहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. शेतीची कामे यंत्रावर गेली, बैलगाडीच्या जागी दुचाकी आली. खेडे आपोआप काटक असते, हे आता खरे राहिलेले नाही. अशा वेळी गावाची एकमेव मोकळी जागा तारेच्या कुंपणाआड जाणे ही साधी बाब नाही.

सातबाऱ्यावर ‘गुरचरण’ लिहिलेले असते. ‘धावण्याची जागा’ असे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून मोजणी होते तेव्हा हा वापर कोणाला दिसत नाही.

इतरांनी काय केले

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हाच वाद फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे सरकारी वाळवंटात सौर आणि पवन प्रकल्प हवे होते, आणि त्याच वाळवंटात हौशी लोकांना जीप व मोटारसायकली पळवायच्या होत्या. शिवाय तिथली कासवे आणि मूळ रहिवाशांच्या पवित्र जागा होत्याच. २०१६ मध्ये सुमारे १ कोटी ८ लाख एकर सरकारी जमिनीचा एकच आराखडा झाला. त्यात ऊर्जेसाठी अग्रक्रमाची जागा ३ लाख ८८ हजार एकर ठरली. संवर्धनाची आणि मनोरंजनाची क्षेत्रे वेगळी आखली गेली. वाद मिटला नाही, पण मनोरंजन हाही जमिनीचा एक वापर आहे, हे सरकारी नकाशावर आले. तिथल्या गाडीवाल्यांच्या संघटना आहेत, त्यांचे वकील सुनावणीला येतात. आपल्या पहाटे पळणाऱ्या पोरांची संघटना नाही.

त्याच राज्यातला दुसरा धडा माझ्या खात्याचा आहे. सॅन लुईस ओबिस्पो परगण्यात दोन मोठे सौर प्रकल्प बांधताना २०११ ते २०१४ दरम्यान ४४ कामगारांना ‘व्हॅली फीव्हर’ हा फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार झाला. माती उकरताना उडालेल्या धुळीतून ती बुरशी श्वासात गेली. ती बुरशी अमेरिका खंडातली आहे, आपल्याकडे नाही. पण धूळ आपल्याकडेही आहे. मार्च ते मे महिन्यांत मुरमाड माळ जेसीबीने सपाट केला की दमेकऱ्यांना त्रास होतोच. पाणी शिंपडणे, कामगारांना मास्क देणे, शाळा-वस्तीजवळ वाऱ्याच्या वेळी खोदकाम थांबवणे या अटी कंत्राटात हव्यात.

आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातले चाळकेवाडीचे पठार पाहावे. पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले, रस्त्यामागून पर्यटकांच्या गाड्या आल्या. प्रकल्प नुसती जागा घेत नाही, जागेचा पुढचा वापरही बदलतो. तो कसा बदलेल, याचा विचार आधीच करावा लागतो.

भीती कोणती खरी, कोणती खोटी

पॅनलमुळे पाऊस जातो, कॅन्सर होतो, असे गावात बोलले जाते. याला आधार नाही. पॅनल प्रामुख्याने सिलिकॉनचे असतात. इन्व्हर्टर आणि तारांभोवतीचे विद्युतचुंबकीय क्षेत्र क्ष-किरणांसारखे पेशी तोडणारे नसते आणि कुंपणापलीकडे ते अगदी क्षीण होते. उष्णतेबद्दलची शंका मात्र अगदीच निराधार नाही. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत रात्री पॅनलांवरची हवा शेजारच्या उघड्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंशांनी गरम आढळली. परिणाम स्थानिक असतो. तरी परभणी जिल्ह्याचा उन्हाळा लक्षात घेता प्रकल्प घरांना, अंगणवाडीला आणि शाळेला लागून नसावा, एवढी मागणी रास्त आहे.

तोडगा आकड्यांतच आहे

माझ्या मते ‘वीज की गायरान’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. हिशेब करून पाहा. ४०० मीटरच्या धावपट्टीला मधल्या मैदानासह सुमारे चार एकर जागा लागते. म्हणजे जवळपास एका मेगावॉटची. पाच मेगावॉटचा प्रकल्प चार मेगावॉटचा केला, तर गावाला पूर्ण मैदान राहते.

तेही नको असेल तर दुसरा हिशेब. २० एकरांच्या चौकोनी प्रकल्पाचे कुंपण एक किलोमीटरहून थोडे अधिक लांब होते. कुंपणाबाहेर चारी बाजूंनी पाच मीटरचा पट्टा सोडला, तर दीड एकरही खर्च होत नाही आणि गावाला धावण्या-चालण्याची गोल वाट मिळते. साधारण दीड फेरीत १६०० मीटर भरतात. कुंपणावरच्या दिव्यांचा उजेड त्या वाटेवर पडला तर बायका-मुलीही पहाटे निर्धास्त चालतील.

योजनेत ग्रामपंचायतीला प्रकल्पासाठी वर्षाला पाच लाख रुपये, असे तीन वर्षे अनुदान आहे. ते कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर घालवण्यापेक्षा या वाटेवर, सावलीच्या झाडांवर आणि पाण्याच्या टाकीवर खर्च करता येते. पॅनलच्या ओळींमधले गवत कापून वैरण म्हणून गावाला द्यावे, किंवा पॅनल उंच बसवून शेळ्या-मेंढ्यांना ठरलेल्या दिवशी आत सोडावे. परदेशात पॅनलखाली मेंढ्या चारणे आता नवे राहिलेले नाही.

ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा पाच प्रश्न विचारावेत. या जागेवर कोण कसते? कोणाची जनावरे चरतात? कोण खेळते, पळते? घरे आणि शाळा किती अंतरावर आहेत? आणि याच उपकेंद्राजवळ भाड्याने द्यायला तयार असलेली खासगी मुरमाड जमीन आहे का? पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर गायरानाला हात लावायचे कारण उरत नाही. कोरडवाहू शेतकऱ्यालाही वर्षाचे बांधील उत्पन्न मिळेल.

या सभेला भरतीची तयारी करणारी पोरे, शेळ्या राखणाऱ्या बाया आणि गायरान कसणारी कुटुंबे यांना मुद्दाम बोलवावे लागेल. रात्री रानात जाणाऱ्या शेतकऱ्याचा जीव वाचवायचा आहे, आणि त्याच्या पोराची छातीही मजबूत राहिली पाहिजे. वीस एकरांच्या नकाशावर दोन्ही बसते. नकाशा मंजूर होण्याआधी ते मागितले पाहिजे, कारण कुंपण पडल्यावर मागून काही मिळत नाही.