संगणकावर मराठी युनिकोडमध्येच लिहावी



मागच्या वर्षी माझा आज्जा वारला. त्याच्या आधी काकांनी त्याची भूकंपाची हकीकत एका दुकानात टाईप करून घेतली होती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक झोपले होते. उजाडल्यावर आज्जा सास्तूरला दगडमातीतून माणसं काढायला गेला. ते सगळं त्यात आहे.

यंदा ती हकीकत आणि आज्जाचा फोटो भित्तिपत्रकात द्यायचं ठरलं. गुरुजींनी पेनड्राईव्ह शाळेच्या संगणकाला लावला. फोटो कॉपी करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये पेस्ट केला, तो जसाच्या तसा आला. पण हकीकत पेस्ट केली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं! एक शब्द वाचता येईना. मला रडूच आलं. आज्जा तर गेलाच, आता त्याचं बोलणं पण गेलं, असं वाटलं.

गुरुजींनी समजावून सांगितलं. दुकानात जुना फॉन्ट होता. त्यात आतमध्ये इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, वरून फक्त मराठी अक्षराचं चित्र दिसतं. म्हणजे बहुरूप्याच्या सोंगासारखं. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही, तिथं सोंग उतरतं. युनिकोडमध्ये तसं नाही. त्यात मराठीच्या प्रत्येक मूळ अक्षराला स्वतःचा नंबर आहे. 'क' चा नंबर २३२५. मुरुममध्ये २३२५, मुंबईत २३२५ आणि अमेरिकेत पण २३२५. म्हणून कुठं पण नेलं तरी 'क' हा 'क' च राहतो.

मग गुरुजींनी एका प्रोग्रामने ती हकीकत युनिकोडमध्ये बदलली. पण वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या, जोडाक्षरं मोडली. 'किल्लारी' हा शब्द पण धड राहिला नाही. काका आणि मी दोन दिवस बसून एकेक ओळ नीट केली. काकांना आज्जाचं बोलणं आठवत होतं म्हणून जमलं. आठवत नसतं तर?

कुणी म्हणतात, लिखाणाचा फोटो काढून चिकटवावा, म्हणजे बिघडत नाही. ते खरं आहे. पण फोटोत एक काना चुकला तरी दुरुस्त करता येत नाही. त्यातला एखादा शब्द सरळ उचलून दुसरीकडं लिहिता पण येत नाही. म्हणून चित्र असेल तर चित्र ठेवावं, पण अक्षर हे अक्षरच असावं.

कुणी म्हणतात, टाईप करणाऱ्यांचा हात जुन्या फॉन्टवर बसलाय. हात बसायला वेळ लागतो हे मला कळतं. पहिलीत आमचा 'ज्ञ' कुठं लवकर बसला होता? पण शेवटी बसलाच की. आणि युनिकोड काही नवं नाही. ते १९९१ साली निघालं, म्हणजे भूकंपाच्या दोन वर्षं आधी. आताच्या फोनमध्ये आणि संगणकात ते असतंच, वेगळे पैसे पडत नाहीत.

माझं मत असं आहे की आपली मराठी एकाच दुकानात वाचता येईल अशी लिहू नये. पालकांनो, तुम्ही अर्ज, पत्रिका नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची हकीकत टाईप करून घ्याल, तेव्हा एवढंच विचारा, "हे युनिकोडमध्ये आहे का?"

आज्जाची हकीकत शेजारीच लावली आहे. ती जरूर वाचा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मुरुम