‘नवबौद्ध’ म्हणजे कोण?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो माणसांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी माणसे बौद्ध झाली. ‘नवबौद्ध’ झाली नाहीत. मग तुमच्या मुलाच्या अर्जावर हा शब्द आला कोठून?

त्याचा प्रवास ध्यानात घ्या. ‘नियो’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘नवा’. एकोणिसाव्या शतकात युरोपात बौद्ध विचाराकडे वळलेल्या सुशिक्षितांना इंग्रजीत ‘नियो-बुद्धिस्ट’ म्हणत. १९५६ नंतर तोच शब्द आपणांस चिकटविला गेला आणि मराठी-हिंदीत ‘नवबौद्ध’ झाला. युरोपात त्याचा अर्थ होता विचार बदललेला मनुष्य. आपल्या खेड्यांत त्याचा अर्थ झाला जात. मेहकर-लोणारकडे कोणी ‘नवबौद्धांची वस्ती’ म्हणतो, तेव्हा त्याला धम्म विचारायचा नसतो. जुना वाडाच दाखवायचा असतो.

या शब्दाने काही दिले, हे मान्य केले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ साली त्यांत शीख आले, बौद्ध आले नाहीत. धर्मांतराची किंमत आपल्या लेकरांनी मोजली. १९६० साली महाराष्ट्र शासनाने ‘नवबौद्ध’ म्हणून आपणांस सवलती दिल्या, तेव्हा कित्येकांची शिक्षणे त्यावर झाली. परंतु कुबडीला पाय समजून चालत नाही. १९९० साली संसदेने तो आदेश दुरुस्त केला. त्यात शब्द कोणते आहेत? हिंदू, शीख, बौद्ध. ‘नव’ हे अक्षरही तेथे नाही! शासनाच्या योजनांच्या नावांत मात्र ‘नवबौद्ध’ अजून ठाण मांडून आहे.

कोणी म्हणेल, “वकीलसाहेब, नुसते बौद्ध लिहिले तर सवलत जाईल.” जाणार नाही. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांची अनुसूचित जात कायद्याने विचारली जाते, ती तिच्या रकान्यात सांगा. हक्क त्या नोंदीवर उभा आहे, ‘नव’ या उपसर्गावर नव्हे.

तुम्ही गेल्या वर्षी दीक्षा घेतली असेल. तरीही तुम्ही बौद्धच आहात. संविधानाचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देताना कोण किती वर्षांचा बौद्ध, हे विचारीत नाही. आणि ज्याची आजी बौद्ध, आई बौद्ध, तो नातू सत्तर वर्षांनंतर नवा कसा? शेजारच्या घरात जन्मलेल्या मुलास कोणी ‘नवहिंदू’ म्हणतो काय?

दुसऱ्याने घडविलेला शब्द आपण उच्चारतो, तोवर त्याचा अर्थ दुसराच ठरवितो. म्हणून शाळेच्या दाखल्यावर, तहसिलीच्या अर्जावर, जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा, धर्म विचारला की स्पष्ट सांगा : बौद्ध. लेखणी त्याच्या हाती असली तरी उत्तर तुमचे आहे. त्याने काय लिहिले, ते वाचून घ्या.